ओळख देणारा खातेदार

बँकेत खाते उघडण्याच्या जुन्या छापील अर्जावर खालच्या बाजूस एक रकाना असे : ओळख देणाऱ्या खातेदाराचे नाव, खाते क्रमांक व सही. शाखेत आधीपासून खाते असलेल्या कोणीतरी 'या गृहस्थांना मी ओळखतो' असे लिहून दिल्याखेरीज नव्या माणसाचे खाते उघडत नसे. गावाकडून मुंबईत नोकरीस आलेला तरुण मग ज्यांच्याकडे उतरला असेल त्या मामांना, खानावळीच्या मालकाला किंवा गिरणीतल्या जॉबरला घेऊन काउंटरशी येई. सही जुळवून पाहिली जाई. पुढे 'केवायसी'ची पद्धत आली. छायाचित्र, पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा यांवर काम भागू लागले आणि तो रकाना अर्जातून गेला. हा बदल योग्यच होता. शहरात ज्याला कोणीही ओळखत नाही अशा गरिबाची त्या रकान्यापायी फार अडवणूक होई, आणि चहाच्या एका कपावर दिलेल्या खोट्या ओळखीही काही कमी नसत. तथापि त्या बदलाबरोबर शहराचा प्रश्नही बदलला. पूर्वी तो विचारी, तुम्हाला कोण ओळखते? आता विचारतो, तुमच्यापाशी कोणता कागद आहे?

महानगरातील मानसिक अस्वास्थ्याविषयी निवृत्तीनंतर जे काही वाचनात आले, त्यातील पुष्कळसे मला या दोन प्रश्नांमधील अंतरापाशी येऊन थांबताना दिसते. म्हणून या वेळी त्याचा विचार.

हा विषय आपल्या समाजाचा नव्हे असे कोणास वाटत असेल तर त्याने जनगणनेचे आकडे पाहावेत. २०११ साली देशात जैनांची संख्या सुमारे ४४.५ लाख नोंदली गेली. त्यांतील सुमारे १४ लाख महाराष्ट्रात. देशाची एकंदर लोकसंख्या त्या वेळी ३१ टक्के नागरी होती, तर जैनांची जवळजवळ ८० टक्के. कोल्हापूर-सांगलीकडील शेतकरी कुटुंबे वगळली तर आपण बहुतांशी शहरवासी आहोत, आणि त्या शेतकरी कुटुंबांतील मुलेही आता पुण्यामुंबईच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, तरीही त्याचे निष्कर्ष आपल्याला परके नाहीत. मानसिक विकारांचे प्रमाण प्रौढांमध्ये १०.६ टक्के आढळले. ग्रामीण भागात ते ६.९ टक्के, महानगरांत १३.५ टक्के, आणि महानगर नसलेल्या शहरांत ४.३ टक्के. हिशेब तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला यातील शेवटचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. मध्यम शहरांतही स्पर्धा आहे, कर्ज आहे, वाहतूक आहे, धूर आहे. तरी तेथील प्रमाण खेड्याहूनही कमी निघाले. एका सर्वेक्षणावर फार मोठी इमारत उभी करू नये हे मान्य. पण केवळ 'शहरी जीवन' असे म्हणून सारा दोष विजेच्या दिव्यांवर आणि मोटारींवर टाकणे त्या आकड्यापुढे कठीण होते.

मग महानगरात विशेष असे काय घडते? जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ साली महानगर आणि मनोजीवन या विषयावर एक निबंध लिहिला. शहरात क्षणोक्षणी इतके चेहरे, इतके आवाज मनावर आदळतात की त्या साऱ्यांना प्रतिसाद देणे अशक्य होते. म्हणून शहरी माणूस अलिप्ततेचे एक कवच धारण करतो, असे त्याचे प्रतिपादन. सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्यास हे पटवून द्यावे लागणार नाही. कवच आवश्यकच असते. अडचण एवढीच की ते उतरवून ठेवण्यास दिवसाकाठी कोठेतरी जागा लागते.

पुढे शिकागो शहरात रॉबर्ट फॅरिस आणि वॉरन डनहॅम या दोघांनी मनोरुग्णालयांत दाखल झालेल्यांचे पत्ते नकाशावर मांडले. त्यांचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनियाचे प्रमाण शहराच्या मध्यभागी, भाड्याच्या खोल्यांच्या आणि सतत माणसे बदलत राहणाऱ्या वस्तीत सर्वाधिक होते आणि बाहेरच्या स्थिर वस्त्यांकडे जाता जाता उतरत होते. वस्तीमुळे आजार होतो की आजारी माणसेच स्वस्त खोलीच्या शोधात अशा वस्तीत येऊन पडतात, याबद्दल विद्वानांत पुष्कळ वाद झाला. दक्षिण लंडनमधील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्यात निराळीच भर घातली. अल्पसंख्य वंशगटांतील व्यक्ती जेथे स्वतःच्या लोकांत राहत होत्या तेथे त्यांच्यातील या आजाराचे प्रमाण कमी होते. जेथे त्या विरळ होत्या तेथे ते वाढलेले होते. म्हणजे उत्पन्न आणि घराचे क्षेत्रफळ यांबरोबर शेजारी कोण आहे, यालाही मनाच्या हिशेबात मोल आहे.

आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाने हा निष्कर्ष जरा जपून वाचावा, असे मात्र मला वाटते. आपल्या लोकांजवळ राहावे, मंदिर वा उपाश्रय पायी जाण्याच्या अंतरावर असावा, ही ओढ स्वाभाविक आणि हितकर आहे. तिचे रूपांतर इतरांना दार बंद करणाऱ्या सोसायट्यांत होऊ लागले की ती हितकर राहत नाही. शिवाय अशा सोसायटीच्या आतही घटस्फोट घेऊन माहेरी परतलेली मुलगी किंवा व्यापारात बुडालेला गृहस्थ किती एकटा असू शकतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

मुंबईपुरते बोलायचे तर हा सारा विषय चाळीच्या गॅलरीत येऊन उभा राहतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एकूण २०७ इमारती, आणि प्रत्येक कुटुंबास १६० चौरस फुटांची एक खोली. आता त्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये देण्यात आल्या. गिरगाव, लालबाग, दादर येथील कित्येक खासगी चाळींनीही याच वाटेने मनोऱ्याचे रूप घेतले आहे.

चाळीचे गोडवे गाण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्यांनी ते गायले त्यांतील बहुतेक पुरुष होते, हे लक्षात ठेवावे. मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक शौचालयापुढे पहाटे रांगेत उभ्या राहणाऱ्या सुनेला, एकाच खोलीत सासू-सासरे आणि दिरांच्या देखत संसार करणाऱ्या नवविवाहितेला, स्वतःचे स्वच्छतागृह आणि आतून कडी लागणारे दार ही मनःस्वास्थ्याचीच मोठी देणगी आहे. चाळीला सर्व कळे. अमुक घरी काल भांडण झाले, तमुक घरच्या मुलीला पाहून गेलेल्यांचा नकार आला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना 'झटके' येतात, हे संध्याकाळपर्यंत तळमजल्यास ठाऊक होई. ज्याचे मन खरोखरच आजारी पडले त्याच्या वाट्याला चाळीत मदत आली तसा टवाळीचा शब्दही आला. 'वेडा' ही पदवी तेथे फार स्वस्तात मिळे.

पण त्याच चाळीत दूधवाल्याची पिशवी दाराच्या कडीला नऊ वाजेपर्यंत लोंबकळत राहिली तर शेजारीण दार ठोठावी. मनोऱ्यात ती पिशवी कोणी पाहत नाही, कारण उद्वाहनातून उतरलेला माणूस आपल्या दारापलीकडे जात नाही. पहारेकऱ्यापाशी भ्रमणध्वनीवरून पाहुण्यास परवानगी द्यावी लागते, म्हणून पूर्वसूचनेवाचून येणारे येईनासे झाले. घर तिप्पट झाले आणि वृद्धांचा वावर खिडकीपासून दूरदर्शन संचापर्यंत आकसला. माझ्या एका शाखेत एक वयोवृद्ध विधवा आजी दर सोमवारी पासबुक भरून घेण्यास येत. पुष्कळदा त्यात नवी नोंदच नसे. काउंटरवरची मुलगी कोरे पान यंत्रात घालून पुन्हा काढून देई आणि 'आजी, गुडघा कसा आहे?' असे विचारी. पुढे पासबुक छापण्याचे स्वयंचलित यंत्र दारापाशी बसले, निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला २०१४ पासून संगणकीय स्वरूपातही देता येऊ लागला. अंथरुणास खिळलेल्यांना त्याने अपार सोय झाली. ज्यांना चालता येत होते त्यांचे मात्र वर्षातून एकदा, नोव्हेंबर महिन्यात, 'मी आहे' असे सांगण्यास कोणापुढे तरी जाणे संपले.

चाळ माणसाची दखल घेई, परंतु त्याची झाकली मूठ ठेवीत नसे. मनोरा मूठ झाकलेली ठेवतो, परंतु दखल घेत नाही. मनाने खचलेल्या माणसाला दोन्हींची गरज असते : आपण दिसेनासे झालो हे कोणाच्या तरी ध्यानात यावे, आणि ध्यानात आल्यावर त्याचा गवगवा होऊ नये. या दोन्ही गोष्टींना आपल्या परंपरेत नावे आहेत, आणि ती नावे आपण पाठशाळेत पाठही केली आहेत. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी उपगूहन म्हणजे साधर्मिकाची उणीव झाकणे. स्थितीकरण म्हणजे जो मार्गावरून ढळू लागला आहे त्यास पुन्हा स्थिर करणे. त्यापाठोपाठ वात्सल्य, आणि शेवटी प्रभावना.

उपगूहनासाठी आपल्याकडे जिनेंद्रभक्त शेठजींची कथा सांगतात. क्षुल्लकाचा वेष घेतलेल्या चोराने त्यांच्या जिनालयातील छत्राचे वैडूर्यरत्न पळविले. पहारेकऱ्यांनी पाठलाग करून त्यास धरले, तेव्हा शेठजी म्हणाले, हे रत्न त्यांनी माझ्याच सांगण्यावरून आणले आहे. पुढे एकांतात त्यास जे सुनवायचे ते सुनावले. स्थितीकरणासाठी वारिषेण मुनींची कथा. त्यांचा बालमित्र दीक्षा घेऊनही बारा वर्षे मनाने घरीच रेंगाळत होता. वारिषेणांनी त्यास उपदेश केला नाही, ते त्याला बरोबर घेऊन चालत राजवाड्यापर्यंत गेले. दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. जे काही झाले ते जवळ जाऊन, आणि चारचौघांच्या नजरेआड झाले.

आज आपल्या संघांची शक्ती कोठे खर्ची पडते? शेवटच्या अंगावर. पंचकल्याणक महोत्सव, रथयात्रा, चातुर्मास-कलशाचे चढावे, पत्रिकांचे वजन आणि भोजनाच्या पंक्ती. प्रभावना हेही अंगच आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण उपस्थितीची संख्या जितकी मोठी तितके कोण आले नाही हे कळणे अवघड, आणि चढाव्याची बोली जितकी उंच तितकी ज्याला बोलता येत नाही त्याची मान खाली. कर्जवसुलीच्या कामात मी व्यापारी घरे जवळून पाहिली. खाते थकीत झाले की गृहस्थ प्रथम बँकेत येणे टाळतो. दुसऱ्या टप्प्यावर तो मंदिरात येणे बंद करतो. मग लग्नकार्ये टाळतो. तोवर बहुधा झोप गेलेली असते, जेवण कमी झालेले असते, आणि घरात 'काही नाही, जरा दगदग' एवढेच उत्तर असते.

एका उपनगरातील कापडव्यापाऱ्याची हकिकत, ओळख पटेल असा तपशील गाळून, सांगतो. उधारीत दुकान गेले. सहा-सात महिने ते घराबाहेर पडले नाहीत. संघात चर्चा पुष्कळ होती, घरी जाणारे कोणी नव्हते. जावे तर काय बोलावे, हा संकोच. मंदिराचे एक वृद्ध माजी विश्वस्त एका सकाळी त्यांच्या दारी गेले आणि म्हणाले, 'मला हल्ली रस्ता ओलांडताना भीती वाटते, अभिषेकाला जाताना हात धराल का?' पहिले काही दिवस नकार मिळाला. नंतर ते दोघे रोज जाऊ लागले. दुकानाचा विषय त्या काकांनी कधी काढला नाही. महिनाभराने त्यांनीच ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञाकडे बरोबर जाण्याची तयारी करून घेतली, आणि औषधे सुरू झाली. दुकान परत मिळाले नाही. ते गृहस्थ आज दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहितात आणि त्यांना झोप लागते. त्यांच्या पत्नीने मला हे सांगितले तेव्हा त्यांच्या बोलण्यात त्या काकांच्या चातुर्याचे कौतुक होते, पण अधिक कौतुक याचे होते की ही गोष्ट त्यांनी संघात कोणाजवळ काढली नाही.

औषधांचा उल्लेख मी मुद्दाम केला. 'हे आर्तध्यान आहे, अशुभ कर्माचा उदय आहे, णमोकाराच्या माळा वाढवा', हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. मधुमेहही कर्मोदयानेच होतो असे मानणारे आपण इन्सुलिन घेण्यास कोणास मनाई करीत नाही. उपरोक्त सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहिल्याचे आढळले. आपल्या घरांत त्यामागे आणखी एक कारण असते : मुलामुलींची स्थळे. थोरल्याच्या गोळ्या उघड झाल्या तर धाकटीचे लग्न अडेल, या धास्तीने गोळ्या औषधांच्या डब्यात न ठेवता कपाटात साड्यांखाली ठेवल्या जातात, आणि पाहुणे आले की त्या दिवशीचा डोस चुकतो.

येथे एक धोक्याची सूचना स्पष्ट शब्दांत द्यावीशी वाटते, कारण पर्व जवळ येत आहे. मनोविकारांची औषधे उपवासासाठी परस्पर बंद करू नयेत. अचानक बंद केल्याने आजार उलटतो. लिथियमसारखे औषध चालू असताना निर्जळ उपवास केला तर शरीरातील पाणी घटून त्या औषधाचे रक्तातील प्रमाण घातक पातळीपर्यंत वाढू शकते. अशा साधर्मिकाने तपाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, आणि त्याच्या घरच्यांनी मुनिमहाराजांस वा साध्वीजींस एकांतात आजाराची कल्पना द्यावी. आपल्या आचार्यांनी पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार, म्हणजे सवलती, ठेवल्या आहेत आणि त्यांत समाधीसाठीचा आगारही आहे. त्यांना देहाची आणि मनाची मर्यादा आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होती.

सोयींविषयी थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही आरोग्यविमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. पॉलिसी नूतन करताना हे वाचून घ्यावे. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते आणि ती मराठीतही आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. मुंबईतील मोठ्या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून कार्यरत आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली तर माळ हातात देण्यापूर्वी त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांपुढेही शहराचा प्रश्न होता. खेड्यातील मुले शिक्षणासाठी बाहेर पडू लागली, तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातील धुरीणांनी आणि मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद यांच्यासारख्यांनी त्यांच्यासाठी बोर्डिंगे काढली. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. बोर्डिंगात स्वस्त भोजन मिळे हे खरे, पण सूर्यास्तापूर्वी सारे एका पंक्तीस बसत असल्यामुळे आज कोण आला नाही हे अधीक्षकास तेथल्या तेथे कळे. आज हिंजवडीत किंवा अंधेरीत पेइंग गेस्ट म्हणून राहणारी आपली मुले संध्याकाळचा जैन डबा कार्यालयातील मेजावर एकटीच उघडतात. त्यांच्यासाठी नवी बोर्डिंगे बांधण्याइतकी जागा आता महानगरात मिळणार नाही. पण मंदिराच्या सभागृहात आठवड्यातून एक सायंभोजन, वीस-पंचवीस माणसांचे, ज्यात भाषण नाही आणि दात्याचा फलक नाही, एवढे कोणत्याही संघास परवडेल.

दुसरे काम विश्वस्तांनी करावयाचे आहे, आणि ते मी बँकेच्या रीतीवरून सुचवितो. ज्या खात्यात खातेदाराने दोन वर्षे काही व्यवहार केला नाही ते निष्क्रिय ठरते. तत्पूर्वीच, वर्षभर हालचाल नसलेली खाती दरवर्षी निवडून त्यांच्या खातेदारांशी बँकेने संपर्क साधावा असा दंडक आहे. मंदिराच्या कपाटात गेल्या पाच-सहा वर्षांची पावतीपुस्तके आणि पर्वातील भोजनाच्या याद्या पडून असतात. दोन संध्याकाळी ती घेऊन बसावे. जी नावे पूर्वी नेमाने येत होती आणि मधूनच थांबली, ती वेगळ्या कागदावर उतरावीत. दशलक्षण किंवा पर्युषण संपल्यावर क्षमेचा संदेश शेकडो जणांना एका स्पर्शाने पाठविला जातो. या वर्षी त्या कागदावरच्या घरी जोडीने, दोघे-दोघे जाऊन क्षमा मागावी. तो कागद संघाच्या समूहावर टाकू नये, त्याची प्रत काढू नये. नावापुढे थकलेली रक्कम लिहिण्याची गरज नाही, इमारत आणि मजला लिहिला म्हणजे पुरे.